३५ माणसांचं वर्कशॉप सोडून मोठ्या कंपनीत जावं का?

भोसरीकर

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. पुढच्या बुधवारपर्यंत एका कंपनीला हो किंवा नाही कळवायचं आहे आणि घरात रोज रात्री हाच विषय निघतो.

मी ३६ वर्षांचा. आयटीआय मशिनिस्ट, पुढे नोकरी करत डिप्लोमा केला. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ११ वर्षं झाली. माणसं ३५. पाच व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशिनं), तीन टर्निंग सेंटर (तसेच लेथ). प्रोग्रामिंग मी करतो, फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवायची चौकट, मी बनवतो. नवीन जॉबचा रेट काढताना मालक सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, मलाच विचारतात. इन्स्पेक्शनवाला आला नाही तर मापंही मीच घेतो. एखाद्या जॉबला चॅटर, म्हणजे कापताना थरथर, येत असेल तर मी ऑफिसमधूनच आवाजावरून ओळखतो. हे काम मला मनापासून आवडतं.

ऑफर चाकणच्या एका परदेशी कंपनीची आहे. टूलरूममध्ये सिनिअर इंजिनिअर. तिथे हजाराच्या वर माणसं आहेत. बस, कॅन्टीन, मेडिक्लेम, सगळं आहे.

आता अडचण सांगतो. २०२१ मध्ये वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, त्याच्या मर्यादेपेक्षा माझा पगार जास्त, आणि वर्कशॉपमध्ये मेडिक्लेम नाही. मालकांनी त्याच संध्याकाळी दोन लाख दिले. कागद नाही, व्याज नाही. महिन्याला पाच हजार कापून ४० महिन्यांत फिटले. पण याच मालकांनी माझा पहिल्या चार वर्षांचा पीएफ भरलाच नाही, आणि आजही भरतात तो १५ हजारांवरच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली कुठली जास्त धरायची ते मला ठरवता येत नाही.

ज्यांनी दोन्हीकडे काम केलंय त्यांनी लिहावं ही विनंती.

मोशी_टोलनाका

पगारात फरक किती पडतो ते आधी लिहा, त्याशिवाय काय सांगणार?

भोसरीकर

आता हातात ४६ हजार येतात. बेसिक २० हजार, बाकी भत्ते. ऑफर सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ९ लाख ६० हजार. बेसिक महिना ४० हजार. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होऊ शकणारा भाग, वर्षाला ९६ हजार लिहिलंय.

हिशेबनीस_ताई

मी पगारपत्रकंच करते, म्हणून आकडे मांडते.

९ लाख ६० हजारांतून व्हेरिएबलचे ९६ हजार बाजूला काढा. ते मिळतीलच असं धरू नका. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्क्यांनी, वर्षाला ५७,६०० होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे २३,०८८. मेडिक्लेमचा हप्ता सीटीसीत धरला असेल तर तोही जाईल, अंदाजे १८ हजार धरू. उरले ७ लाख ६५ हजार, म्हणजे महिन्याला ६३,७०० च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ५८,७०० येतील. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर लागत नाही.

म्हणजे हातात फरक साडेबारा हजारांचा. पण पीएफकडेही बघा. आता तुमचे आणि मालकांचे मिळून ३,६०० जातात. तिथे ९,६०० जातील. दोन्हीकडे त्यातले १,२५० पेन्शन योजनेत वळतात, बाकी तुमच्या खात्यात. तुमची २२ वर्षं नोकरी शिल्लक आहे, आणि त्या काळात हाच फरक सगळ्यांत मोठा होणार आहे.

जुनं पीएफ खातं काढून घेऊ नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. तुमच्या खात्यात आत्ता सातच वर्षं दिसत असणार.

जुना_फिटर

भोसरीकर, मी वयाने तुमच्या वडिलांएवढा असेन, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९७९ साली पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात लागलो. सांगली जिल्ह्यातल्या गावातून आलेला पोरगा. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताटात पोळी, भाजी, आमटी, भात, आणि ते काही पैशांत. साबण मिळायचा, गणवेश मिळायचा, बूट मिळायचे. घरी पत्र लिहिलं तेव्हा पगार खाली लिहिला होता, कॅन्टीन वर. लग्न जमलं तेही कंपनीच्या नावावर. मुलीकडच्यांनी कारखान्याचं नाव ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही. पतपेढीतून कर्ज काढून चिंचवडला दीड गुंठा घेतला, तिथेच आज राहतो. दोन्ही मुलांची शिक्षणं त्याच पतपेढीवर झाली. हे सगळं लहान कारखान्यात मला मिळालं नसतं. माझा सख्खा भाऊ एका शेडमध्ये राबला. हात माझ्याहून चांगला, पण आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिला.

आता दुसरी बाजू. मी २३ वर्षं एकाच शॉपमध्ये, एकाच असेंब्लीवर होतो. २००२ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली. स्वेच्छा हा शब्द कागदावरचा. सुपरवायझर रोज बोलावून विचारायचा, अर्ज भरला का? माझं वय तेव्हा ४४. पैसे मिळाले, घराचा वरचा मजला झाला. पण कामाला म्हणून भोसरीतल्या शेडमध्ये गेलो तर मालकाने विचारलं, ड्रॉइंग वाचता येतं का? लेथवर हात आहे का? मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. २३ वर्षांत लागलं नाही, म्हणून विसरलो. दोन वर्षं घरी बसलो. शेवटी एका सोसायटीत देखभालीचं काम धरलं.

तुमच्याकडे जे आहे, पाच मशिनं आणि सगळी कामं एका माणसाच्या डोक्यात, ते मोठ्या कंपनीत हळूहळू गळतं. गळताना कळत नाही. जा, पण हात चालू ठेवा. टूलरूममध्ये आहात हे बरं आहे, लाईनवर असतात तर मी नको म्हणालो असतो.

कंत्राटी_आठ_वर्षं

मी चाकणमध्येच आहे. मोठ्या कंपनीत. आठ वर्षं.

गेट तेच, मशीन तेच. कपड्याचा रंग वेगळा. पगाराच्या चिठ्ठीवर ठेकेदाराचं नाव. ठेकेदार तीनदा बदलला, मी तिथेच. दर वेळी नवा पीएफ नंबर, नवी जॉइनिंग तारीख. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं कुठून होणार? कंपनीच्या बसमध्ये आधी कायमवाले बसतात, जागा उरली तर आम्ही. गावाकडे सगळे म्हणतात, पोरगं मोठ्या कंपनीत आहे. मी काही बोलत नाही.

दादा, ऑफर लेटरवर कंपनीचंच नाव आहे ना, ते नीट बघा. कंपनी मोठी असते, पण आपण तिच्या कुठल्या हजेरीपटावर आहोत, त्यावर सगळं असतं.

भोसरीकर

कंत्राटी दादा, तुमचं वाचून लगेच कपाटातून लेटर काढलं. कंपनीचंच नाव आहे. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. तुम्ही लिहिलंत म्हणून बघितलं, आधी मी फक्त आकडा बघून ठेवून दिलं होतं. मनापासून आभार.

काका, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, हेच मला सांगायचं होतं पण शब्द सापडत नव्हते.

कामगार_कायदा_वाचक

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. तुमचं पद सिनिअर इंजिनिअर आहे. मोठ्या कंपनीत कामगार आणि स्टाफ यांच्यात मोठी भिंत असते. युनियनचा वेतनकरार, जो आपल्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी तीन-साडेतीन वर्षांनी होतो, तो कामगारांना लागू होतो. स्टाफला दरवर्षीचं अप्रेझल. करारात कामगाराची वाढ आकड्यात ठरलेली असते. तुमची वाढ तुमच्या साहेबाच्या मतावर आणि त्या वर्षीच्या टक्केवारीवर ठरेल. कित्येक कंपन्यांत जुना कामगार नव्या इंजिनिअरपेक्षा जास्त पगार घेतो.

कपातीचंही तसंच. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपात करण्याआधी किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. हे संरक्षण कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. देखरेखीचं काम आणि पगार १८ हजारांच्या वर असेल तर माणूस त्या व्याख्येबाहेर जातो. न्यायालयं पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय ते बघतात, हे खरं. पण त्यासाठी न्यायालयात जावं लागतं. म्हणून त्यांना विचारून घ्या: हाताखाली माणसं असणार का, की स्वतः मशीनवर काम करायचं आहे?

कोरेगावची_लेक

मी हिंजवडीत आयटीत आहे. क्षेत्र वेगळं असलं तरी प्रश्न तोच आहे, म्हणून लिहिते. हे मी फारसं कुठे बोलत नाही.

माझी पहिली नोकरी १४ जणांच्या ऑफिसमध्ये होती. घरासारखं वातावरण, सगळे एकत्र डबा खायचे, मालकांना आम्ही दादा म्हणायचो. आणि दादांचा मेहुणा तिथेच हिशेब बघायचा. तो मला त्रास द्यायला लागला. मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, तो तसा नाहीये, तू मनावर घेऊ नकोस. पुढे कुणाकडे जाणार? घरासारख्या ऑफिसात तक्रार करायची म्हणजे घर मोडायचं, असं सगळ्यांनी मला जाणवून दिलं. मी चार महिन्यांत सोडलं आणि मुलाखतींमध्ये खोटं कारण सांगत राहिले.

दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती असलीच पाहिजे, २०१३ चा कायदा आहे. तिथे नव्हती. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इथे वाचणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवावं.

नंतर मोठ्या कंपनीत आले. तिथे पहिल्याच आठवड्यात समितीतल्या माणसांची नावं आणि फोन भिंतीवर दिसले. तीन वर्षांनी माझ्या टीममधल्या एका मुलीने तक्रार केली, चौकशी झाली, त्या माणसाला जावं लागलं. मोठी कंपनी फार दयाळू असते असं मी म्हणत नाही. पण तिथे माझं दुःख कुणाच्या मेहुण्यावर अवलंबून नव्हतं.

त्याच कंपनीत बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा मिळाली, पूर्ण पगारी. परत आले तर माझा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलेला. पाच महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसले आणि त्या वर्षी रेटिंग घसरलं. नियमात कुणाचीच चूक नव्हती. रजा नियमाने मिळाली आणि रेटिंगही नियमानेच घसरलं. माझ्या मॅनेजरला वाईट वाटलं, पण त्याच्याही हातात काही नव्हतं. लहान ठिकाणी निदान भांडायला माणूस समोर असतो.

तरी मला आज कुणी विचारलं तर मी मोठीच निवडेन. आईच्या केमोचे सगळे पैसे कंपनीच्या मेडिक्लेममधून गेले. आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरला होता. स्वतःची पॉलिसी काढली असती तर अशा आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

भोसरीकर, तुमच्या वडिलांचं हृदयाचं आहे ना, मग हे आधी विचारा: आईवडील पॉलिसीत आहेत का? खूप कंपन्यांत नवराबायको आणि दोन मुलं एवढंच असतं. आईवडिलांचा हप्ता वेगळा भरावा लागतो का, आणि बिलाचा काही हिस्सा आपण भरायचा असतो का? हे लेटरमध्ये नसतं, विचारल्यावरच कळतं.

मोशी_टोलनाका

ताई, हे लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद. माझी बहीण एका छोट्या ऑफिसात आहे, तिला ही पोस्ट पाठवतोय.

वर्कशॉपवाला

मी भोसरीकरांच्या मालकासारखाच एक. २८ माणसं, १७ वर्षं. हा धागा दोन दिवस वाचतोय, आज लिहितो.

पीएफ न भरणं चूक आहे. २० माणसं झाली की कायदा लागू होतो, त्यावर सबब नाही. मी पहिली दोन वर्षं तेच केलं होतं, आणि पुढे दंडासकट भरलं. माझ्या माणसांसमोर मला त्याची लाज वाटली होती.

पण आमच्याकडे पैसा कसा येतो तेही सांगतो. मी माल देतो मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराला. बिलावर ४५ दिवस लिहिलेलं असतं. २००६ चा कायदा आहे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. प्रत्यक्षात ९० दिवस, कधी १२०. आता वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आली. थोडा फरक पडला. तरी १ तारखेला पगार करायचा असतो आणि खात्यात येणं १५ ला असतं. मोठ्या कंपनीत १ तारखेला न चुकता पगार होतो, त्यातला काही भार आमच्यासारख्यांच्या ओव्हरड्राफ्टवर असतो. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

मेडिक्लेमबद्दल: २८ माणसांची ग्रुप पॉलिसी मिळते, मी तीन वर्षांपूर्वी घेतली. वाटतो तेवढा खर्च नाही. त्याआधी मीही भोसरीकरांच्या मालकांसारखाच खिशातून पैसे काढून द्यायचो. एका वर्षी तिघांच्या घरी एकदम दवाखाना आला आणि मी तिसऱ्याला देऊ शकलो नाही. तो आजही माझ्याकडे आहे, पण ते आमच्यात राहिलं ते राहिलंच. म्हणून पॉलिसी घेतली.

भोसरीकर, माझी एकच विनंती. सोडायचं असेल तर मालकांना समोर बसून सांगा, ऑफर लेटर दाखवा. आमच्याकडे तुमच्यासारखा माणूस गेला की दोन मशिनं महिनाभर थांबतात. महिनाभर आधी कळलं तर एखादा पोरगा तयार करता येतो.

टूलरूम_ते_क्वालिटी

जुना फिटर काकांचं म्हणणं मान्य, पण माझा अनुभव उलटा आहे. शेडमध्ये सात वर्षं काम केलं, नंतर मोठ्या कंपनीत गेलो. शेडमध्ये जॉब बसला की बसला, का बसला ते कुणी विचारत नव्हतं. मोठ्या कंपनीत पहिल्यांदा कळलं की मापनातही चूक असते आणि ती मोजायची असते. फिक्स्चर बनवण्याआधी कुठे काय चुकू शकतं याचा तक्ता भरायचा असतो. पहिले सहा महिने मला वाटायचं, ही सगळी कागदं कशाला? एकदा एका हाऊसिंगच्या बोअरची तक्रार ग्राहकाकडून आली आणि त्याच कागदांवरून अर्ध्या दिवसात कारण सापडलं. इन्सर्टचा, म्हणजे कापणाऱ्या पात्यांचा, लॉट बदलला होता. शेडमध्ये आम्ही आठवडाभर एकमेकांवर ओरडलो असतो.

त्रास एवढाच की तिथे प्रोग्राममध्ये फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याची गती, बदलायची तरी तीन सह्या लागतात. तुमच्यासारख्या, आवाजावरून चॅटर ओळखणाऱ्या माणसाला सुरुवातीला ते फार जड जाईल. पहिल्या वर्षात राजीनामा लिहावासा वाटला तर थोडं थांबा.

तळेगाव_दाभाडे

मोठी म्हणजे कायमची, असं धरू नका एवढंच सांगायचं आहे. आमच्या तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. पुढे तो प्रकल्प ह्युंदाईने घेतला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तीही मोठीच होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जवळपास १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं. त्यांच्या संख्येच्या मानाने ते दोन टक्केच, पण ज्याच्या घरी ते पत्र येतं त्याच्यासाठी ते दोन टक्के नसतात. कंपनीचा मेडिक्लेमही नोकरीबरोबर जातो. त्यामुळे आईवडिलांची नाही तर निदान स्वतःची एक छोटी पॉलिसी बाहेर काढून ठेवा, वय कमी आहे तोवर.

कोरेगावची_लेक

+१. आणि नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीत ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय असतो. आधी चौकशी करावी लागते, शेवटच्या दिवशी धावपळ करून होत नाही.

स्टुटगार्टहून

मी इथे एका ६० माणसांच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे, त्याआधी एका अवाढव्य कंपनीत होतो. इथला फरक असा की आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन सरकारी व्यवस्थेतून येतं, त्यामुळे कंपनी लहान की मोठी याने दवाखान्याचं काही बदलत नाही. दहापेक्षा जास्त माणसं असली की सहा महिन्यांनंतर कारणाशिवाय काढता येत नाही. पाच माणसं असली तरी कामगारांना आपली समिती निवडता येते. म्हणून मी लहान कंपनी निवडू शकलो, फक्त कामाकडे बघून. भोसरीत असतो तर वडिलांच्या हृदयाकडे बघून निवडावं लागलं असतं. भोसरीकरांसमोर आहे तो प्रश्न इथे माझ्यासमोर आलाच नाही, हे वाचताना सारखं जाणवत होतं.

जुना_फिटर

स्टुटगार्टवाले, अगदी खरं. आम्हाला कंपनी मोठी हवी होती ती दवाखान्यासाठी, घरासाठी आणि म्हातारपणासाठी. कामासाठी नव्हे.

मोशी_टोलनाका

चाकणला जायचं-यायचं कसं, तेही बघा. पुणे-नाशिक रस्ता, मोशीपासून पुढे चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत, संध्याकाळी दीड तास सहज. भोसरीत तुम्ही दहा मिनिटांत घरी. बस आहे म्हणजे गाडी चालवायची नाही, पण वेळ जातोच. आणि भोसरीत गुरुवारची सुट्टी असते. नव्या कंपनीची रविवारची असेल तर घरच्यांबरोबर तरी असाल.

भोसरीकर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. तीन दिवसांत बरंच झालं.

एचआरला इथले सगळे प्रश्न लिहून पाठवले. आईवडिलांना पॉलिसीत घेता येतं, त्यांचा हप्ता मी भरायचा, बिलाच्या २० टक्के मी भरायचे. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून. काम हाताने करायचं आहे, हाताखाली सध्या कुणी नाही. युनियनमध्ये नाही, स्टाफमध्ये. व्हेरिएबल गेल्या वर्षी पूर्ण मिळालं का, या प्रश्नाला उत्तर आलं नाही, म्हणून मी ते शून्यच धरलंय. सुट्टी रविवारची.

काल मालकांना भेटलो. वर्कशॉपवाले म्हणाले तसं लेटर समोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, एवढं मी देऊ शकत नाही. चार हजार वाढवतो, मेडिक्लेमचं बघतो. मी म्हणालो, साहेब, चार हजारांचं नाही, वडिलांचं आहे. त्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्या वेळी मी दिलेच असते ना? मी म्हणालो, दिलेच असते. पुढच्या वेळी तुमच्याकडे नसले तर? वर्कशॉपवाल्यांनी तिसऱ्या माणसाचं लिहिलं होतं, ते डोक्यात होतं म्हणून मला हे विचारता आलं.

पहिल्या चार वर्षांच्या पीएफचंही बोललो. ११ वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढला, माझाही आणि त्यांचाही. शेवटी त्यांनी अकाउंटंटला बोलावून किती निघतात ते काढायला सांगितलं. किती देतील माहीत नाही.

मी जायचं ठरवलंय.

हिशेबनीस_ताई

अभिनंदन. ग्रॅच्युइटी विसरू नका. बेसिक २० हजार धरलं तर २०,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ११, म्हणजे १ लाख २६ हजार ९२३. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. त्यात एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त भत्ते असतील तर वरचा भाग वेतनात धरतात. तुमचे भत्ते निम्म्याहून जास्त आहेत, तेव्हा आकडा याहून वर जाऊ शकतो. दहा किंवा जास्त माणसं असली की ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. सोडल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, संबंध कितीही चांगले असले तरी.

कंत्राटी_आठ_वर्षं

दादा, शुभेच्छा. तिथे आमच्यासारखी पोरं असतील. नावाने हाक मारा. बरेच जण आम्हाला ठेकेदाराच्या नावाने बोलावतात.

भोसरीकर

दादा, लक्षात राहील.

शेवटचं लिहितो. आज गुरुवार, वर्कशॉप बंद. तरी मी आणि आमच्याकडचा एक पोरगा, दोन वर्षांपूर्वी आयटीआय करून आलेला, सकाळी आठला गेलो. मालकांनी किल्ली दिली. पाचही व्हीएमसींवर कुठला जॉब कुठल्या फिक्स्चरवर बसतो, कुठल्या व्हाइसचा जबडा पाव मिलिमीटर उचलतो, उन्हाळ्यात दुपारी कुठल्या मशीनचा झेड, म्हणजे उभा अक्ष, सरकतो, हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलं. यातलं काही प्रोग्राममध्ये नाही, ड्रॉइंगवर नाही. निम्मं झालं. उरलेले तीन गुरुवार त्यासाठीच ठेवलेत.

चार वाजता मालक आले, चहा घेऊन. वही चाळली आणि त्याला म्हणाले, याची झेरॉक्स काढून ऑफिसात ठेव.

१ तारखेला रुजू होतोय. मोशीच्या थांब्यावर बस सकाळी ५.५० ला आहे.